सावित्री नदी, कड्यापासून खाडीपर्यंत: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नदी म्हटलं की भीमा, नाहीतर सीना. दोघीही लांबून येतात, संथ वाहतात आणि समुद्राचं तोंड न बघताच दुसऱ्या नदीत मिसळतात. ‘नदी डोंगरात उगम पावते व समुद्राला मिळते’ हे वाक्य आपली मुलं पाठ करतात, पण ते डोळ्यांनी बघायचं तर घाट उतरून कोकणातच जावं लागतं. महाबळेश्वर–महाड–बाणकोट अशी अभ्यास सहल ठरली की तेच ते प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे, काही पालकांचे, आणि काही सहलीला न येणाऱ्या पण पाण्याचा विषय निघाला की हिरिरीनं बोलणाऱ्या मंडळींचे. त्या सगळ्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

सावित्री नेमकी कुठून कुठं वाहते?

महाबळेश्वरच्या पठाराच्या पश्चिम कड्यावरून ती खाली उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथून दासगाव, आंबेत–म्हाप्रळ करत बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. एकूण लांबी शंभर-एकशेदहा किलोमीटरांच्या घरात. शेवटच्या टप्प्यात उत्तर काठ रायगड जिल्ह्याचा आणि दक्षिण काठ रत्नागिरी जिल्ह्याचा. मुखाच्या एका बाजूला हरिहरेश्वर, दुसऱ्या बाजूला बाणकोटचा किल्ला.

सोलापूरहून बार्शीला जाऊन परत यायचं म्हटलं तरी यापेक्षा जास्त अंतर होतं.

एवढीशी नदी शिकायची कशाला? आपली भीमा साडेआठशे किलोमीटर वाहते.

लांब नदीचा एक तोटा असा, की ती एका नजरेत येत नाही. भीमा भीमाशंकरला उगवते, नृसिंहपूरला नीरा घेते, पंढरपुरात चंद्रभागा होते, हत्तरसंग-कुडलला सीनेला भेटते आणि पुढं कर्नाटकात जाऊन रायचूरच्या बाजूला कृष्णेत मिसळते. तिचं पाणी समुद्राला लागतं ते आंध्र प्रदेशात, बंगालच्या उपसागराला, आणि तेही वाटेतल्या जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांनी सोडलं तर. उगम, मधला टप्पा आणि मुख यांच्यामध्ये तीन-चार राज्यं आणि तितक्याच भाषा.

सावित्रीचं तसं नाही. सकाळी कड्यावर उभं राहून उगमाची दरी बघा, दुपारी महाडच्या पुलावर थांबा, दुसऱ्या दिवशी मुखाशी समुद्राच्या लाटा बघा. धबधबा, घळ, धोंड्यांचं पात्र, पूरमैदान, खाडी, वाळूचा दांडा, खारफुटी, सगळं एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाता जाता दिसतं. भूगोलाच्या पुस्तकातलं नदीचं प्रकरण डोळ्यांसमोर उलगडायला हिच्याइतकी चांगली नदी आपल्या आवाक्यात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

कृष्णा आणि सावित्री एकाच गोमुखातून निघतात हे खरं का?

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. पाचही प्रवाहांचं पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतं. श्रद्धेच्या दृष्टीनं ते उगमस्थान आहेच. जमिनीच्या दृष्टीनं बघायचं तर पठाराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. हा दगड सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो आणि कड्याकपारीतून झऱ्यांच्या रूपानं सोडत राहतो. असे असंख्य झरे सगळ्या अंगांनी वाहतात आणि प्रत्येक नदी आपापल्या उताराचे झरे गोळा करत जाते.

कथा मात्र सुंदर आहे. ब्रह्मदेवाच्या यज्ञात सावित्रीला यायला उशीर झाला, तिच्या जागी गायत्रीला बसवलं, सावित्री संतापली आणि तिनं देवांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा. आणि स्वतः सावित्रीनं रागानं कड्यावरून पश्चिमेला उडी घेतली. महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावरच्या आर्थर सीट या जागेवरून खाली बघितलं की ही कथा सांगणाऱ्यानं ती दरी स्वतः बघितली असणार याची खात्री पटते.

एकाच डोंगरावरून एक नदी पूर्वेला आणि एक पश्चिमेला, असं का?

सह्याद्री हा दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा डोंगर नाही. पूर्वेकडं तो पायरी-पायरीनं, सावकाश उतरतो, पश्चिमेकडं मात्र एकदम तुटतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. पुढं पश्चिमेकडची जमीन खचली, पठार पूर्वेला कललं आणि तुटलेला कडा पाण्याच्या झिजेनं हळूहळू मागं सरकत गेला. त्यामुळं पावसाचा थेंब कड्याच्या काठापासून जरासा पूर्वेला पडला तरी त्याला बंगालच्या उपसागरापर्यंत जावं लागतं. कृष्णेचा उगम अरबी समुद्रापासून सरळ रेषेत अवघ्या ६४ किलोमीटरवर आहे आणि तरीही ती साधारण १,४०० किलोमीटर उलट दिशेला जाते.

आर्थर सीटला उभं राहिलं की हा फरक स्पष्ट दिसतो. एका हाताला सावित्रीची खोल, उघडी, सरळ तुटलेली दरी, दुसऱ्या हाताला कृष्णेच्या बाजूचं, जोर गावाचं झाडीनं भरलेलं खोरं. मुलांना तिथं पाच मिनिटं गप्प उभं करा, मग समजवायला फारसं काही उरत नाही.

एक गोष्ट इथं लक्षात ठेवायची. महाबळेश्वरच्या पठारावरचं बरंचसं पाणी पूर्वेच्या नद्यांनाच जातं. सावित्रीच्या वाट्याला पश्चिम कडा आणि त्याखालची खोरी येतात.

तिकडं इतका पाऊस आणि आपल्याकडं ढग नुसतेच का फिरतात?

समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि कड्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेच वारे पूर्वेला उतरताना तापतात आणि कोरडे होतात. साताऱ्याच्या पुढं दहिवडी, म्हसवड, सांगोला हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत येतो. सोलापूरला वर्षाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा.

आता हे वाचा. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपला वर्षभराचा पाऊस तिथं एका दिवसात पडला.

कड्याखाली नदी कशी दिसते?

दगडांकडं बघा, पाण्याकडं नंतर. कड्याच्या पायथ्याच्या ढवळे खोऱ्यात पात्रात पडलेले धोंडे माणसापेक्षा उंच असतात, कडा कोपऱ्यांचे, नुकते तुटल्यासारखे. पोलादपूरच्या अलीकडं ते दोन हातांत उचलण्याइतके होतात आणि कोपरे झिजून गोलावतात. महाडजवळ गोटे आणि वाळू. दासगावच्या पुढं बोटांत धरली तर फक्त जाणवणारी गाळाची चिकण. वर नदीचा उतार एवढा, की पावसाळ्यात ती धोंडे ढकलते. खाली उतारच उरत नाही, मग जड माल वाटेत टाकत टाकत फक्त गाळ तेवढा समुद्रापर्यंत नेते.

पहिल्या काही किलोमीटरांतच ती हजार मीटरच्या आसपास उतरते. उरलेल्या वाटेत तिला उतरायला फारसं राहतच नाही. आखूड नद्यांचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आहे.

दगड तोच, मग आपली माती काळी आणि तिकडची तांबडी कशी?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि तो बहुधा शेतकऱ्याच्या घरातली मुलंच विचारतात. खडक दोन्हीकडं बेसाल्टच. आपल्याकडं पाऊस कमी, त्यामुळं खडक झिजून तयार झालेले क्षार, चुना, चिकणमाती जागेवरच राहतात. म्हणून मंगळवेढ्याची जमीन काळीभोर, ओल धरणारी आणि पाऊस नसतानाही ज्वारी पिकवणारी. कोकणात पाऊस इतका, की विरघळण्यासारखं सगळं धुऊन जातं आणि मागं लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं उरतात. लोखंड गंजतं तसा रंग येतो, तोच जांभा. तिथं भात, नाचणी, आंबा आणि काजू.

महाडला दर दोन-चार वर्षांनी पूर का येतो?

चार कारणं एकमेकांवर येऊन पडतात. वरच्या कड्यावरचा पाऊस काही तासांत खाली पोचतो. महाडजवळ काळ आणि गांधारी या नद्या सावित्रीला मिळतात. दोन्ही रायगड किल्ल्याच्या आसपासच्या डोंगरांतून येतात, म्हणजे तिघींना पूर एकाच रात्री. महाड समुद्रापासून आत असलं तरी समुद्रसपाटीपासून फक्त काही मीटर उंच, त्यामुळं पाण्याला पुढं ओढणारा उतार नाही. आणि चौथं, समुद्राची भरती. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की खाडीचं पाणी दार लावून घेतं, नदीला पुढं जायला वाट नसते आणि ती बाजारपेठेत शिरते.

याशिवाय पात्रात साचलेला गाळ, मधली बेटं आणि दासगावकडं अरुंद झालेला मार्ग यांच्याकडं महाडकर वर्षानुवर्षं बोट दाखवत आले आहेत. गाळ काढण्याची कामंही झाली आहेत.

आपल्या पुराशी तुलना करून बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तो वरच्या जिल्ह्यांतल्या पावसाचा. भीमेला पूर येतो तेव्हा उजनी धरणातून किती क्युसेक सोडले, पंढरपूरला पाणी कधी पोचेल, याच्या बातम्या आधी येतात. आपल्याला वेळ मिळतो, नुकसान टळत नाही पण माणसं आणि जनावरं हलवता येतात. महाडला संध्याकाळी पाऊस वाढला तर मध्यरात्री पाणी जिन्यावर. म्हणून तिथल्या जुन्या माणसांचं निम्मं लक्ष आकाशाकडं आणि निम्मं भरतीच्या वेळेकडं असतं.

२०१६ साली पूल वाहून गेला तो हाच का?

होय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई–गोवा महामार्गावरचा महाडजवळचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. बस आणि इतर वाहनं नदीत गेली. पुढचे कित्येक दिवस शोध चालला तो पुलापाशी नव्हे, तर थेट खाडीच्या मुखापर्यंत आणि किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत, कारण या नदीचा पूर वाहून नेलेलं काहीही वाटेत ठेवत नाही. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला. तिथून जाताना गाडीत गाणी बंद ठेवा एवढंच मी मुलांना सांगते.

आणि दरडी?

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये. तीव्र उतार, खडकावर मातीचा जाड थर आणि त्यात मुरलेला दोन-तीन दिवसांचा पाऊस: मातीचं वजन वाढतं, पकड सुटते. झाडं तोडणं, उतार खणून रस्ते आणि घरं करणं यानं धोका वाढतो. जमिनीला नवी भेग पडली, झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, झाडं-खांब कलले तर तिथून ताबडतोब निघायचं, हे घाटातल्या प्रत्येक गावाला माहीत असायला हवं.

नदी कुठं संपते आणि खाडी कुठं सुरू होते?

अशी एक रेघ नाही, आणि हाच या नदीचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

महाडच्या दादली पुलावर दुपारी भरतीच्या वेळी उभं राहा. पाण्यात एखादं पान शोधा. ते पान समुद्राकडं जायला हवं, पण बघता बघता ते थांबतं, जागच्या जागी फिरतं आणि हळूच पोलादपूरच्या दिशेनं निघतं. भीमाकाठची मुलं हे बघून ओरडतातच, ‘नदी उलटी चाललीय!’ समुद्र इथून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर आहे, लाटेचा आवाज नाही, वाळू नाही, नारळाची बागही समोर नाही, आणि तरीही त्याचा श्वास इथपर्यंत पोचतो. पावसाळ्यात नदीचा जोर असतो तेव्हा गोडं पाणी खाडीला खाली रेटतं, उन्हाळ्यात खारं पाणी वर सरकतं. सीमा ऋतूप्रमाणं आणि दिवसातून दोनदा हलते.

जुन्या काळी याच भरतीवर व्यापार चालायचा. गलबतं बाणकोटहून भरती धरून दासगावपर्यंत यायची, लहान होड्या महाडपर्यंत. तिथून माल बैलांवर घाटानं वर. मुंबईचे इंग्रज महाबळेश्वरला हवा खायला निघत तेही एकेकाळी बोटीनं दासगावला उतरून. बाणकोटचा हिम्मतगड इंग्रजांनी १७५५–५६ च्या सुमाराला घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं, तो याच वाटेचं तोंड ताब्यात राहावं म्हणून. महाड मोठी पेठ झाली ती नदी आणि घाट जिथं एकमेकांना भेटतात तिथं वसलं म्हणून. महाडचं चवदार तळं मात्र सहलीत वेगळा वेळ काढून बघा. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह पाण्याच्या हक्काचा होता आणि पाण्याचा भूगोल शिकणाऱ्यानं तो वगळू नये.

भरतीची वेळ सोलापुरात बसून कशी काढायची?

घरातलं दिनदर्शिकेचं पान पुरे. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणनं गुणा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे आषाढी एकादशीला सकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्यांची स्नानं चाललेली असतात, त्याच सुमाराला बाणकोटला खाडी भरलेली असते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढं सरकते. पाऊणपटीचं गणित त्यातूनच आलेलं आहे.

हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी जुळतो, इतरत्र अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतो, आणि खाडीत आत महाडकडं भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सगळ्यांत वर चढतं आणि सगळ्यांत खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. पोहण्याचा किंवा खडकांवर उतरण्याचा निर्णय मात्र या गणितावर घेऊ नका, स्थानिक माणसाला विचारा.

कृष्णेला त्रिभुज प्रदेश आहे, सावित्रीला का नाही?

कृष्णा हजारो चौरस किलोमीटरचा गाळ आणते आणि उथळ, सपाट किनाऱ्यावर टाकते. सावित्रीचं खोरं लहान, गाळ कमी, आणि तिच्या मुखाशी उधाणाच्या वेळी दोन-तीन मीटर चढउतार करणारा समुद्र. भरती-ओहोटीचा हा ओघ गाळ साचू देत नाही, बराचसा ओढून नेतो. शिवाय इथं समुद्राचं पाणी जुन्या नदीदरीत शिरलेलं आहे, म्हणून मुख नरसाळ्यासारखं रुंदावत जातं. कोकणातल्या जवळजवळ सगळ्या नद्यांचं असंच: सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका, शास्त्री. परीक्षेत ‘पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश का तयार करत नाहीत’ असा प्रश्न आला तर एवढं उत्तर पुरतं.

खाडीकाठची ती चिखलातली झाडं कसली?

खारफुटी. तिवर, कांदळ, चिपी अशा जाती. ओहोटीला गेलात तर चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची टोकं दिसतील, ती मुळं आहेत. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हातभर लांब कोंब फुटतो आणि मग ते खाली सुटतं. चिखलात रुतलं तर तिथंच वाढतं, नाहीतर भरतीबरोबर दुसऱ्या काठाला लागतं.

कोळंबी, खेकडे, बोई, जिताडा यांची पिल्लं याच मुळांत वाढतात. समुद्रातल्या कितीतरी माशांचं बालपण खाडीत जातं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि सांडपाण्याविषयी खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. पाणी बिघडलं की पहिला फटका याच पिल्लांना बसतो.

मगरी दिसतात म्हणे?

दिसतात. महाडच्या आसपास सावित्रीत गोड्या पाण्यातल्या मगरींची चांगली वस्ती आहे. हिवाळ्यात ऊन खात पात्रातल्या बेटांवर पडलेल्या असतात. पुलावरून बघा, पाण्यात उतरू नका.

कोकणातलं इतकं पाणी समुद्रात वाया जातं. ते सोलापूरला का वळवत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक सहलीत, प्रत्येक पालकसभेत येतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तो येणारच, आणि विचारणाऱ्यावर रागावण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून उत्तर सविस्तर देते.

आधी उंचीचा हिशेब. पोलादपूर-महाडकडचं पाणी घाटावर आणायचं तर सहाशे मीटरच्या आसपास उचलावं लागेल. एक हजार लिटर पाणी सहाशे मीटर चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या नियमानं १.६ युनिट वीज लागते, पंपांची घट धरली तर दोनच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटर. म्हणजे दर टीएमसीला साडेपाच कोटींहून जास्त युनिट. धरणं, बोगदे, कालवे आणि बुडणारी गावं यांचा खर्च यात धरलेलाच नाही. या पाण्यावर ऊस घ्यायचा असेल तर तो ऊस कुणाला परवडेल हे ज्यानं त्यानं मांडून बघावं.

दुसरं, वेळ. सावित्रीत पाणी आहे ते जून ते सप्टेंबर. आपल्याला टंचाई भासते ती मार्च ते मे, आणि तेव्हा सावित्रीचंही वरचं पात्र डोहांपुरतं उरतं. हजारो मिलिमीटर पावसाच्या पोलादपूर-महाड तालुक्यांतल्या वाड्यांवर मे महिन्यात टँकर जातात. तिथल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. त्यांना सांगून बघा, की तुमच्याकडं पाणी जास्त झालंय.

तिसरं, आणि हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक असतं: पाणी आत्ताच वळवलं जातं, पण उलट्या दिशेनं. मुळशी आणि लोणावळा परिसरातली वीजनिर्मितीची धरणं भीमेच्या खोऱ्यातली आहेत. १९१५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झालेल्या खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या वीजकेंद्रांतून त्यांचं पाणी कोकणात उतरतं. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिका नदीला मिळतं. कोलाडला लोक भर उन्हाळ्यात राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर. कोयनेचंही तसंच. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या कृष्णा लवादानं ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला परवानगी दिली, ते पोफळीच्या वीजकेंद्रामार्गे वाशिष्ठीत जातं आणि शेवटी समुद्रात. उजनीची सगळी साठवण ११७ टीएमसी, आता प्रमाण लक्षात घ्या. कोकणाचं पाणी मागण्याआधी भीमेच्या खोऱ्यातून तिकडं गेलेल्या पाण्याचा हिशेब मागणं जास्त न्याय्य आहे. काही वर्षांपासून ती मागणी होतेही आहे.

आणि चौथं म्हणजे तो ‘वाया’ शब्द. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत शिरतं तेव्हा खारटपणा उतरतो, वरून आलेलं अन्न पसरतं, मासे अंडी घालायला आत येतात, साचलेला गाळ बाहेर ढकलला जातो. ते पाणी थांबलं तर खारं पाणी आत सरकेल, काठच्या विहिरी खाऱ्या होतील, भाताची खाचरं नापीक होतील. भीमा उजनीखाली कोरडी पडली की पंढरपूरला काय दशा होते हे आपण बघितलंय. वाहणाऱ्या नदीला काय काम असतं हे आपल्याइतकं कुणाला कळायला हवं?

सहलीला केव्हा जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पंढरपूर–म्हसवड–दहिवडी–सातारा या वाटेनं गेलात तर पर्जन्यछायेचा पट्टाही आपोआप बघून होतो. खिडकीतून झाडं कुठं दाट होतात ते बघत चला. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरा. जुलै-ऑगस्टमध्ये हा घाट मुलांना घेऊन करू नये, दरडींमुळं तो बंदही असतो. गड्डा यात्रेच्या सुट्टीत बरेच जण निघतात, त्यांनी मुक्काम आधी ठरवून ठेवावा.

मुखाशी बागमांडला ते वेसवी अशी फेरीबोट चालते, त्यात गाडीही चढते. ओहोटी लागली की बोटीतून पाण्यावर फेसाची एक लांब रेघ दिसते. एका अंगाला गढूळ, दुसऱ्या अंगाला हिरवट पाणी, आणि त्या रेघेवर पानं, काटक्या, कांदळाचे उभे तरंगणारे कोंब. नदीचं आणि समुद्राचं पाणी जिथं एकमेकांना घासतं ती ही जागा. पलीकडं वेळासला हिवाळ्याच्या शेवटी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर लाटांनी कोरलेला खडकाचा सपाट चौथरा आणि त्यावरची जाळीदार नक्षी बघण्यासारखी आहे, पण भरतीच्या वेळी तिथं पाऊल टाकू नका. माणसं वाहून गेली आहेत.

मुलांनी प्रकल्पात काय नोंदवावं?

प्रत्येक थांब्यावर चार गोष्टी: पात्रातल्या दहा दगडांची लांबी पट्टीनं मोजून, पाण्याचा रंग, काठाच्या मातीचा रंग, आणि काठावर काय पिकतं. महाडपासून पुढं प्रवाहाची दिशा आणि घड्याळातली वेळही लिहा, आणि त्या दिवसाची तिथी. परत आल्यावर हीच वही घेऊन एका रविवारी हत्तरसंग-कुडलला जा. सीना-भीमेच्या संगमावर तेच दहा दगड शोधा. सापडायला अवघड जातील. ते का, हे मुलांनाच लिहू द्या. तिथल्या मंदिरातला शके ९४० चा मराठी शिलालेखही बघून या.